कुणाचीच नसलेली चूक

‘एका शिकाऊ व्यक्तीकडून’ हे तीन शब्द भिंतीवरच्या पडद्यावर आले आणि बैठकीच्या खोलीतल्या झाडून सगळ्या माणसांना एकदम आपापल्या पाण्याच्या बाटल्यांमध्ये काहीतरी विलक्षण दिसायला लागलं. तिच्याकडे कुणी बघेना. न बघायलाही किती कष्ट पडतात माणसाला! मान अवघडते, डोळे कुठे ठेवावेत ते कळत नाही, उगीचच घसा खाकरावा लागतो. ती काचेच्या दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. गळ्यात हिरवी पट्टी, पट्टीला ओळखपत्र, आणि त्या पट्टीखालच्या मानेला एकाएकी खाज सुटलेली. बाकी सगळ्यांच्या पट्ट्या निळ्या. निळी म्हणजे कायमचा माणूस, हिरवी म्हणजे शिकाऊ. अख्ख्या मजल्यावर हिरवी पट्टी एकच, आणि ती हिच्या गळ्यात. मग नाव घेतलं नाही म्हणजे कसले डोंबलाचे उपकार केले?

नावं घ्यायची नाहीत हा या बैठकीचा नियमच होता. काही बिघडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी इथे जमायचं, काय काय झालं ते ओळीनं मांडायचं आणि कुणाचंही नाव घ्यायचं नाही. बैठक चालवणारा त्यांच्या गटाचा प्रमुख. तो सदा हसतमुख, म्हणून तिनं मनातल्या मनात त्याचं नाव ‘हसरा’ ठेवलं होतं. आजही त्यानं सुरुवात तशीच केली होती, हात जोडल्यासारखे करून. “दोस्तांनो, इथे दोष कुणाचाच नाही. आपण माणसं शोधत नाही, कारणं शोधतो.” नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे वाक्य तिनं ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. किती शहाणी माणसं आहेत ही, असं तिला वाटलं होतं. घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलंही होतं, की आमच्याकडे कुणी कुणावर खापर फोडत नाही. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. हाताला लागलेलं ग्रीस चिंधीला पुसत तो म्हणाला होता, “मग फुटकं खापर ठेवतात तरी कुठे?” तेव्हा तिनं नाक मुरडलं होतं. तुला सगळ्यात खोटच दिसते, असं वर ऐकवलंही होतं.

पडद्यावरच्या ओळी तिनं पुन्हा वाचल्या. ‘दोन्ही खिडक्यांचे रंग बदललेले होते.’ वा! बदललेले होते. पानं पिवळी पडतात तसे आपोआपच बदलले असणार. पुढची ओळ, ‘एका शिकाऊ व्यक्तीकडून सरावाच्या मशीनऐवजी खऱ्या मशीनवर कमांड दिली गेली.’ आणि त्या दोन ओळींच्या मध्ये जे होतं ते कुठेच नव्हतं. शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज. दोन शब्द. “हं, मारा.” ते दोन शब्द जणू कुणी उच्चारलेच नव्हते. ती त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिनं मान वळवली आणि टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आजोबांकडे सरळ बघितलं. आजोबा पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. काढत होते आणि लावत होते.

आजोबा म्हणजे तिचे शिकवणारे. वयानं तिच्याहून चांगले सात-आठ वर्षांनी लहान. पण बारा महिने अंगात लोकरी जाकीट, डबा घड्याळाच्या ठोक्याला उघडायचा, दर वाक्याआधी खाकरायचं, म्हणून सगळा मजला त्यांना आजोबा म्हणे आणि तेही ओ देत. तिला ते ताई म्हणत, ती त्यांना सर म्हणे. माणूस वाईट नव्हता. हाच तर सगळा घोळ होता. वाईट असता तर तिनं दोन शिव्या मनात हासडल्या असत्या आणि मोकळी झाली असती. पण या माणसानं तिला शिकवलं होतं, खरोखर जीव लावून शिकवलं होतं. पहिल्या दिवशी कीबोर्डवर तिची बोटं थरथरत होती तेव्हा त्यांनी स्वतःचा चहा तिच्यापुढे सरकवला होता. “ताई, हे मशीन फार आज्ञाधारक असतं हो,” ते म्हणाले होते, “हाच त्याचा दुर्गुण. जे सांगाल ते करतं. म्हणून घातक ओळ लिहायची असली की आधी हॅशचं चिन्ह घालायचं. हॅश पुढे असला की मशीन त्या ओळीकडे ढुंकूनही बघत नाही. मग ती ओळ मोठ्यानं वाचायची. शेजारच्याला विचारायचं. शेजारचा हो म्हणाला की हॅश काढायचा, आणि मगच एंटर मारायचं.” तिला ते इतकं आवडलं होतं! आधी दाराला कडी, मग कोण आलंय ते बघायचं, मग दार उघडायचं. घरी येऊन तिनं ते लेकीला शिकवलं. लेक याच विषयाची पदवी घेत होती, शेवटच्या वर्षाला होती, आणि तिच्या कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं. लेकीनं लगेच करून बघितलं आणि म्हणाली, “आई, तुझे आजोबा भारी आहेत गं!” तेव्हा आपण काय फुशारलो होतो. आपले सर. आपलं काम.

काल दुपारी तिनं अगदी तसंच केलं होतं. त्यांच्या कंपनीची यंत्रणा दवाखान्यांच्या भेटींच्या वेळा सांभाळायची, पेशंट फोनवरून वेळ घेतात आणि त्या वेळा दवाखान्यातल्या टेबलावर दिसतात. तिला फक्त सरावाच्या मशीनवरच्या खोट्या नोंदी पुसायच्या होत्या. खऱ्या मशीनची स्क्रीनवरची खिडकी लाल, सरावाची हिरवी, इतके महिने हेच बघून तिचे डोळे तयार झाले होते. काल मात्र दोन्ही खिडक्या राखी होत्या. सकाळी आजोबांचं डोकं चढलं होतं. लाल रंग डोळ्यांत खुपतो म्हणून त्यांनीच सगळ्यांच्या सामायिक सेटिंगमधून दोन्ही रंग बदलून टाकले होते आणि सांगतो सांगतो म्हणता सांगायचं विसरले होते. तिनं त्यांना विचारलंही, “सर, आज दोन्ही सारख्याच दिसतायत?” तर ते कपाळ चोळत म्हणाले, “बदललेत मी. डोळ्यांना बरं वाटतं.” तिनं ओळ लिहिली, आधी हॅश. मोठ्यानं वाचली, शब्द न शब्द. पण ओळीच्या सुरुवातीला मशीनचं नाव बारीक अक्षरात असतं, ते तिनं वाचलं नाही. ते तिनं कधीच वाचलं नव्हतं, रंग सांगायचा तिला. “सर, मारू?” आजोबांनी मान तिरकी करून स्क्रीनकडे बघितलं, एक डोळा मिटून. “हं, मारा.” तिनं हॅश काढला. मारलं. क्षणभर कुठे काही झालं नाही. मग कोपऱ्यातल्या माणसाचा फोन वाजला, मग त्याच्या शेजारच्याचा, मग मजलाभर.

कुणी मेलं नाही, देवाची कृपा. संध्याकाळपर्यंत जुन्या प्रतीवरून बहुतेक सगळं परत आलं. फक्त काल सकाळी घेतलेल्या भेटींच्या वेळा परत यायच्या राहिल्या होत्या, आणि त्या आज जोडायच्या होत्या. पण काल दुपारभर तिला एकच दिसत होतं. दवाखान्याच्या टेबलापाशी कुणीतरी म्हातारी बाई उभी आहे, तिला मुलानं सुट्टी काढून आणलंय, आणि टेबलावरची मुलगी तिला सांगतेय, की आजी, तुमचं नाव दिसत नाही इथे. ‘नाव दिसत नाही.’ ती उठून आजोबांना म्हणाली होती, “सर, मी चुकले.” आणि आजोबा घाईघाईनं म्हणाले होते, “अहो ताई, शू! असं बोलायचं नसतं इथे. दोष कुणाचाच नाही.” त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी सुटका दिसली होती, ती तिला काल कळली नव्हती. आज, आत्ता, पेनाचं टोपण काढणाऱ्या लावणाऱ्या हाताकडे बघताना कळली.

नाव. याआधीच्या नोकरीत तिचा सगळा दिवस नावानंच सुरू व्हायचा. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण खोलीत ती फोन घ्यायची. खिडकी नसलेली खोली, भिंतीला लागून टेबलं, कानाला लावलेलं ते काळं यंत्र, जे काढलं तरी डोक्यावर त्याचा वळ राहायचा. फोन उचलला की आधी स्वतःचं नाव सांगायचं. गाडीला निरोप दिला की शेवटी पुन्हा नाव. ‘बोलणारी अमुक, गाडी सोडते.’ गाडीवाला पलीकडून त्याचं नाव सांगायचा, तेव्हा निरोप पोचला असं धरायचं. नाव नसलेला निरोप हा निरोपच नाही, असं थोरले म्हणायचे. थोरले म्हणजे तिथले वरिष्ठ, आवाज असा की शेजारच्या इमारतीत ऐकू जावा. एकदा तिच्या बाजूच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं एकाच नावाच्या दोन गल्ल्यांपैकी चुकीच्या गल्लीत गाडी पाठवली. माणूस वाचला, पण थोडक्यात. थोरले आले आणि सगळ्यांदेखत तिच्या टेबलापाशी उभे राहून तिचं नाव घेऊन ओरडले. काय ओरडले! “तू चुकलीस! गल्ली विचारलीस, खूण विचारली नाहीस! तू!” ती पोर रडायला लागली. आणि तेवढ्यात पुढचा फोन वाजला. सगळ्यांना वाटलं, आता तिला घरी पाठवतील. थोरल्यांनी तिच्या डोक्यावरचं सरकलेलं यंत्र स्वतःच्या हातानं नीट केलं आणि म्हणाले, “घे. तूच घे.” तिनं डोळे पुसले, आपलं नाव सांगितलं आणि फोन घेतला. झालं. संपलं. जेवणाच्या सुट्टीत थोरलेच तिच्या डब्यातली भाजी मागून खात होते. त्या खोलीत माणूस चुकायचा, शिव्या खायचा, आणि पुन्हा माणूस म्हणून आपल्या टेबलावर बसायचा. इथे कुणी ओरडत नाही. इथे सगळे हसतात, पाणी पितात, आणि तुम्ही ‘एक शिकाऊ व्यक्ती’ होऊन जाता. ते काही संपत नाही. संपणार कसं? जी चूक कुणाचीच नाही ती फेडायची कुणी?

ती खोली पुढे बंद झाली. फोन आता यंत्रच घेतं. मग घरी बसून कंटाळलेल्या त्या दिवसांत लेकीनं तिला फोनवर जाहिरात दाखवली होती. ‘पदवी विचारणार नाही. वय विचारणार नाही. हाताला काय येतं तेवढं बघू. शिकता शिकता काम, मग कायमची जागा.’ ती वाचून खो खो हसली होती, तर लेक चिडली. “हसतेस काय? बिघडलेल्या गोष्टीपुढे शांत बसून नीट प्रश्न विचारता येतात ना तुला? एवढंच तर लागतं.” परीक्षेला त्यांनी एक बंद पडलेलं मशीन पुढे ठेवलं आणि म्हणाले, याला काय झालंय ते शोधा. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिनं फोनवरच्या घाबरलेल्या माणसाला विचारावं तसं समोरच्या परीक्षकालाच विचारायला सुरुवात केली. शेवटचं केव्हा नीट चालत होतं? त्यानंतर कुणी हात लावला? आत्ता काय दिसतंय, जसंच्या तसं सांगा. परीक्षक बघतच राहिला. घेतलं तिला. दीर घरी येऊन हसला, “वहिनी, आता या वयात शिकाऊ? शाळेची पिशवी घ्यायची का नवीन?” आणि ती त्याला म्हणाली होती, “घ्या भावोजी, आणि त्यावर माझं नावही घाला.” तिला त्या शब्दाची लाज नव्हती. शिकणं म्हणजे काय वाईट आहे? लाज आता वाटत होती, या खोलीत बसून. शब्द तोच, पण तो पुढे करून त्यामागे एक निळ्या पट्टीचा माणूस लपला होता, आणि लपू दिला गेला होता.

शिवाय खाली प्रवेशद्वाराशी तिचा भलामोठा फोटो. ती रोज त्याच्याखालून जायची. फोटो काढताना त्यांनी तिचे पांढरे केस मुद्दाम पुढे घेतले होते आणि हिरवी पट्टी नीट दिसेल अशी सरळ केली होती. ‘इथे कौशल्याला मान आहे.’ नाव तिथेही नव्हतं. आमची एक शिकाऊ सहकारी, एवढंच. लेक एकदा न्यायला आली होती, ती फोटोखाली उभी राहून कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, “तुझं नाव का नाही गं घातलं?” आपण काय उत्तर दिलं होतं? ‘जागा नसेल,’ असलं काहीतरी. जागा नसेल! भिंतभर फोटोला जागा होती.

“तर यातून आपण काय शिकलो?” हसरा विचारत होता. त्याच्या शेजारी नेमणुकांचं बघणारी बाई बसली होती. ती एरवी या बैठकांना येत नसे. बाई आज का आली होती ते हिला सकाळीच कळायला हवं होतं. शिकाऊ काळ या आठवड्यात संपत होता. एकदा तो आधीच वाढवला होता, ‘तुम्हाला अजून थोडा आत्मविश्वास यावा म्हणून.’ आता कायमच्या जागेचा निर्णय व्हायचा होता. नेमणुकांची बाई गोड आवाजात म्हणाली, “मला वाटतं, कालच्या प्रसंगाकडे आपण संधी म्हणून बघू या. दोष कुणाचाच नाहीये. पण शिकाऊ सहकाऱ्यांना अजून थोडा वेळ दिला तर त्यांच्यावर ताण येणार नाही. म्हणजे काळ जरा वाढवू या. त्यांच्याच भल्यासाठी.” सहकाऱ्यांना, म्हणे! अनेकवचन. तिला हसू आलं. किती आहोत आम्ही? मी आणि माझी सावली? हसरा मान डोलवत होता. आजोबांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते लावलेलंच ठेवलं. आता बोलतील, तिला वाटलं. आता खाकरतील आणि म्हणतील, थांबा, हो मी म्हटलं होतं. ती वाट बघत राहिली. फोनवर काही माणसांना बोलताच येत नसे, नुसता श्वास ऐकू यायचा. अशा वेळी फोन ठेवायचा नाही, गप्प राहून वाट बघायची, हे तिला माहीत होतं. तिनं तशीच वाट बघितली. आजोबा खाकरले. आणि म्हणाले, “हो, थोडा सराव वाढवला तर बरं.”

मग तिच्या आत काहीतरी सुटलं. राग असा सावकाश येत नाही, तो आधीच आलेला असतो, माणूस फक्त त्याच्यावर बसलेला असतो. ती उठली. खुर्ची मागे काचेवर आपटली.

“मी बोलू?” ती म्हणाली, आणि कुणी हो म्हणायची वाट न बघता बोलली. “ती शिकाऊ व्यक्ती म्हणजे मी. सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगते.”

“अहो, आपण इथे नावं घेत नाही,” हसरा हसत म्हणाला. हसू जरा वाकडं झालं होतं.

“मग ते काय आहे?” तिनं पडद्याकडे हात केला. “बाकीच्यांसाठी तुम्ही ‘बदललेले होते’ लिहिता, आणि माझ्यासाठी ‘शिकाऊ’ लिहिता. गळ्यात घंटा बांधायची आणि वर म्हणायचं, आम्ही नाव घेतलं नाही!”

“ताई, शांत व्हा,” आजोबा पुटपुटले.

“शांतच आहे मी. शांत असते म्हणूनच तर घेतलंत ना मला?” तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. “ऐका. मशीनचं नाव ओळीच्या तोंडाशी होतं, ते मी वाचलं नाही. ही चूक माझी आहे. माझीच. ती मला द्या. ओरडा माझ्यावर, नाव घेऊन ओरडा, मी ऐकून घेईन आणि पुन्हा कधी तशी चुकणार नाही. पण माझी चूक माझ्याकडून काढून घेऊन कुठल्यातरी शिकाऊच्या नावावर मांडू नका. आणि ज्यांची उरलेली आहे त्यांची त्यांना द्या. रंग कुणी बदलले? ‘हं, मारा’ कोण म्हणालं? मी नाही सांगणार. ज्यांनी म्हटलं ते इथेच बसलेत.”

आजोबांचे कान लाल झाले होते, जाकिटाच्या कॉलरीपर्यंत. तिला त्यांची दयाही आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. या माणसानं आपल्याला कडी लावायला शिकवलं आणि आता स्वतःच कडी लावून आत बसला आहे.

नेमणुकांची बाई उठायला लागली. “हे आपण बाहेर, निवांत बोलू. काळ वाढवण्याचं…”

“वाढवू नका,” ती म्हणाली. “ठेवायचं तर निळ्या पट्टीवर ठेवा, नाहीतर काढा. माझ्या भल्याचं मी बघते.” आणि ती दार ढकलून बाहेर आली.

ती सरळ घरी जाऊ शकली असती. जिन्यापर्यंत ती गेलीही. मनात तिनं घरच्या दाराची बेलसुद्धा वाजवली. नवरा दार उघडतोय, काही न विचारता पाणी देतोय. लेक अभ्यासाच्या टेबलावरून मान वर करून बघतेय. आणि आपण सांगतोय, सोडली. लेकीला काय सांगायचं? की पदवी घेतलीस ते बरं केलंस, निळी पट्टी लगेच मिळेल, तिच्यामागे लपायला बरं पडतं? नाही. आणि शिवाय काल सकाळच्या त्या भेटी अजून जोडायच्या होत्या. ती म्हातारी अजून टेबलापाशी उभी होती. एका फोनवर रडलात म्हणून दुसरा वाजायचा थांबत नाही. ती मागे फिरली आणि आपल्या टेबलावर येऊन बसली. तिनं आधी सेटिंग उघडून रंग पूर्वीसारखे केले. खरं मशीन लाल. ते लाल बघून तिला बरं वाटलं.

बैठक संपली असावी. माणसं आपापल्या जागी येऊन बसत होती, हळू, आजाऱ्याच्या घरात वावरावं तशी. खऱ्या मशीनवर काही करायचं तर दोघांनी करायचं असा नियम, म्हणून आजोबा येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तिनं ओळ लिहिली, काल सकाळच्या नोंदी खऱ्या मशीनमध्ये घालणारी. आधी हॅश. मग ती वाचायला लागली, मोठ्यानं, आणि या वेळी ओळीच्या तोंडापासून. आधी मशीनचं नाव वाचलं. मग बाकीचे शब्द, एकेक करून. आजूबाजूच्या टेबलांवरची खटखट बारीक होत गेली आणि थांबली.

“सर, मारू?”

आजोबांनी स्क्रीन वाचला. या वेळी दोन्ही डोळ्यांनी, सावकाश. “हं, मारा,” ते म्हणाले.

तिनं हात हलवला नाही. “कोण म्हणतंय?”

“म्हणजे?”

“हो म्हणणारा कोण? नाव सांगा. नाव नसलेला निरोप मी घेत नाही.”

“ताई, काय चाललंय हे,” ते अगदी हळू म्हणाले. “सगळे बघतायत.”

“बघू देत. मघाशी बाटल्या बघत होते.” तिचे हात मांडीवर होते. हॅश ओळीच्या पुढे तसाच होता, लुकलुकणारी रेघ त्याच्या शेजारी. “मला घाई नाही, सर. दवाखान्यात रांग लागलीय त्यांना असेल.”

नेमणुकांची बाई मजल्याच्या टोकाशी येऊन उभी राहिली होती. हातात तिचे कसलेसे कागद, आणि मागे हसरा. बाई काहीतरी बोलायला पुढे आली, तर हिनं मान न वळवता एक बोट वर केलं. “थांबा, काम चालू आहे.” बाई थांबली. खरंच थांबली.

आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. जाकिटाची चेन खाली ओढली, पुन्हा वर केली. तिला वाटलं, उठून जातील. ते उठून गेले तर मग काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं. ती वाट बघत राहिली. मग ते खाकरले आणि आपलं नाव म्हणाले.

“ऐकू नाही आलं,” ती म्हणाली.

त्यांनी ते पुन्हा म्हटलं. आडनावासकट, आणि आवाज पार टोकापर्यंत जाईल इतका. कोपऱ्यातल्या एका पोरीनं चमकून वर बघितलं. तिला बहुधा ते नाव माहीतच नव्हतं. आणि मग, जसं एकदा तोंड उघडल्यावर थांबवता येत नाही तसं, ते म्हणाले, “आज हो म्हणणारा मी. कालही मीच होतो. वाचलं नव्हतं मी काल, नुसतं बघितलं होतं. रंगही मीच बदलले.” ते हे स्क्रीनलाच सांगत होते, पण ऐकलं सगळ्यांनी. बोलून झाल्यावर त्यांचे खांदे जरा खाली आले. काल दिसली होती तशी सुटका मात्र त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. त्यांना रडू येत असावं.

तिचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणार नव्हता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं. पण बोटं थरथरत नव्हती. तिनं पाठ सरळ केली. गळ्यातली हिरवी पट्टी कीबोर्डवर लोंबत होती, ती तिनं खांद्यावरून मागे टाकली. मग, ती खिडकी नसलेली खोली बंद झाल्यापासून जो आवाज तिनं कधी काढला नव्हता, तो आवाज तिच्या गळ्यातून आला, स्वच्छ, न घाई न उशीर, रस्त्यावरच्या गाडीवाल्याला गोंगाटातही ऐकू जाईल असा. “बोलणारी,” ती म्हणाली, आणि तिनं आपलं नाव सांगितलं, पूर्ण. “ओळ सोडते.”

तिनं हॅश काढला आणि मारलं.